शेवटची अकरा पानं

मबरूकानं पुस्तकावरची प्लास्टिकची पिशवी अर्धी खाली सरकवली आणि पिशवीसकट ते पुढे केलं.

"तुम्हीच घ्या, बाई. सकाळपासून ऑलिव्ह तोडतेय. हात तेलकट आहेत, डाग पडेल."

नझीहानं पुस्तक घेतलं. समुद्राकाठच्या जरजीस गावातल्या वाचनालयात मुलांचा विभाग ती सतरा वर्षं सांभाळत होती. आया तिथे दोनच कारणांनी येत. पुस्तक हरवलं म्हणून, नाहीतर असलं पुस्तक का दिलंत म्हणून.

"माझी सिरीन शाळेत आहे. पुस्तक परत करते म्हणून आले, पण काय विचारलं ते तिला कळायला नको." मबरूकानं मागे वळून दार बघितलं. "एकच सांगा. यातला अनिस शेवटी पोचतो का?"

भिंतीवर नझीहाच्याच हातची पाटी होती: *शेवट कुणालाही सांगायचा नाही.* मबरूकाला वाचता येत नव्हतं.

निळ्या मुखपृष्ठाची कादंबरी. सतरा वर्षांचा अनिस होडीत बसून इटलीला निघतो. मागे राहिलेली धाकटी बहीण गोष्ट सांगते. महिन्यापूर्वी सिरीन म्हणाली होती, "मावशी, राजकन्यांचं नको. खरं वाटेल असं द्या." नझीहानं हे दिलं. सिरीनचा भाऊ वाएल त्याच आठवड्यात होडीत बसला होता, हे नझीहाला चार दिवसांनी मासळीबाजारात कळलं.

वाएलचा अजून फोन नव्हता.

पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक पाकीट चिकटवलेलं होतं. वाचून झालं की मुलं त्यात कार्ड टाकतात, पुढच्या वाचणाऱ्यासाठी.

*हे पुस्तक कोणी वाचावं?*
ज्याला भाऊ आहे त्यानं.

*हे पुस्तक कोणी वाचावं?*
पहिली तीस पानं कंटाळा येतो. तरी सोडू नका. अनिस मठ्ठ आहे, माझ्या चुलतभावासारखा, पण नंतर आवडायला लागतो.

*हे पुस्तक कोणी वाचावं?*
माझ्या बाबांनी. ते वाचणार नाहीत.

"रोज भांडी झाली की ती मला वाचून दाखवते," मबरूका म्हणाली. "नवरा म्हणतो, तुम्हा दोघींना वेड लागलंय. वेड नाही हो लागलेलं. गोष्ट आहे, कळतं मला. पण लिहिणाऱ्यानं कुणाला तरी विचारलंच असेल ना, तिकडे कसं होतं ते?"

"सिरीननं शेवट काय वाचला?"

"अनिस पोचला. तिकडे कुणाचा तरी फोन मागून घेतला आणि आईशी बोलला. म्हणाला, आई, इथल्या पावाला चव नाही." मबरूका हसली. "आमचा वाएल अगदी अस्साच. माझ्या हातच्या कुसकुसमध्येसुद्धा खोड काढतो, मेला."

शब्द तोंडातून गेला तसा तिनं मनगट ओठांवर दाबलं.

"मग मला का विचारता?" नझीहानं हळूच म्हटलं.

"तिचं बोट, बाई. वाचताना ती ओळीखाली बोट फिरवते. लहानपणापासूनची सवय. गोष्टीतला फोन आला तेव्हा तिचा आवाज चालला होता, बोट जागच्या जागी. पानसुद्धा उलटलं नाही तिनं. मला अक्षर दिसत नाही, पण बोट दिसतं."

नझीहाला ती शेवटची अकरा पानं पाठ होती. बहीण आईबरोबर इस्पितळात जाते. एका टेबलावर कपडे मांडलेले असतात. बहीण जाकीट ओळखते. त्या अकरा पानांत फोन कुठेच वाजत नाही.

तिनं पाकिटात बोटं घातली. सगळ्यांत वरचं कार्ड नवं होतं. सिरीनचं तिरकं अक्षर.

*हे पुस्तक कोणी वाचावं?*
ज्यांना घरी कुणाला वाचून दाखवायचं असतं त्यांनी.
पान दोनशे तीनपर्यंत मोठ्यानं वाचावं.
पुढची अकरा पानं मनात वाचावीत.

"तिचं आहे ना ते?" मबरूका पुढे वाकली. "काय लिहिलंय? वाचा की."

नझीहानं कार्ड टेबलावर सपाट ठेवलं. पहिल्या शब्दाखाली बोट टेकवलं.

"हे पुस्तक कोणी वाचावं," ती म्हणाली. अरबी ओळीखालून बोट उजवीकडून डावीकडे सरकलं. दुसरी ओळ. "सगळ्यांनी वाचावं. आईला फार आवडलं." तिसरी ओळ. सतरा वर्षांत तिनं शेकडो मुलांना पुस्तकं सुचवली होती. आता एका ओळीपुरते शब्द सुचेनात. "शेवट… शेवट चांगला आहे."

खाली अजून एक ओळ उरली होती. तिच्याखालूनही नझीहानं बोट नेलं. अगदी सावकाश, टोकापर्यंत. तोंडातून काही आलं नाही.

मबरूका बोटाकडे बघत होती.

पुस्तकाला हात न लावणाऱ्या त्या बाईनं आपली तर्जनी कार्डावरच्या शेवटच्या ओळीवर ठेवली.

"ही राहिली, बाई."

नझीहानं मान खाली घातली.

मबरूकानं बोट उचललं. ओळीवर तेलाचा पिवळट ठसा उमटला होता, त्यातून अक्षरं अधिकच काळी दिसत होती. तिनं पिशवीची घडी केली, डोक्यावरचा रुमाल घट्ट केला. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"तिला काही विचारू नका," ती म्हणाली. "आता एखादं जाड द्या. पुष्कळ दिवस पुरेल असं."