महिनाभराचा आवाज

मिस्त्रीने पिकअपखालून शाफ्ट ओढून काढला आणि बाकावर आडवा ठेवला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा तो लांबलचक लोखंडी दांडा. त्याच्या टोकाचा सांधा मिस्त्रीने दोन बोटांनी धरून पाहिला, तर तो पडायला आलेल्या दातासारखा हलला.

"काका, हे वाजत नव्हतं?"

"छे. कधीच नाही."

"इतकं झिजेपर्यंत वाजलं नाही, असं होत नाही हो."

"माझ्या गाडीचा आवाज मला कळत नाही होय?" गाडीचा मालक म्हणाला.

गॅरेजच्या दाराशी पालथ्या क्रेटवर बसलेल्या त्याच्या बायकोने मान खाली घातली. दोघांच्या नर्सरीतली रोपं याच गाडीतून पोचवण्यात नवऱ्याची तीस वर्षं गेली होती. एके काळी रस्त्याने जाणाऱ्या परक्या गाडीचा आवाज ऐकून नवरा सांगायचा, याचा पट्टा सैल झालाय. हल्ली मात्र तो माणसाच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघून बोलायचा. गेलं वर्षभर ती रोज त्याच्याबरोबर गाडीत बसत होती. कुंड्या कलंडतात, कुणीतरी धरायला हवं, असं निमित्त तिने त्याला सांगितलं होतं.

महिन्यापूर्वी गाडी सुरू होताना पहिल्यांदा खट् वाजलं. तिने लगेच सांगितलं. नवरा म्हणाला, "हो, ऊन आहे खरं." त्यानंतर तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा गिळून टाकलं. आवाजाचं सांगायचं म्हणजे दुसरंही सांगावं लागलं असतं. शेवटी आज, ग्रीस भरून घेऊ या, म्हणून तिनेच त्याला इथे आणलं होतं.

मिस्त्रीने सांध्याच्या वाट्या ठोकून बाहेर काढल्या. आत बारीक सुयांसारखे बेअरिंग असायला हवे होते. वाटी उलटी केली तर तपकिरी भुकटी सांडली. मधला चार टोकांचा क्रॉस पुसून त्याने नवऱ्याच्या हातात दिला. भरल्या गाडीने आणखी एखादा चढ घेतला असता तर शाफ्ट तुटून रस्त्यात रुतला असता आणि गाडी मागून उचलून फेकली गेली असती, असं त्याने सांगितलं. सांगताना तो हळू आणि नीट, तोंड समोर धरून बोलला. त्याच्या लक्षात आलं होतं.

नवऱ्याने क्रॉसच्या टोकावरून नख फिरवलं. खाचा इतक्या खोल होत्या की नख अडकत होतं. बराच वेळ तो तेच करत राहिला. मग तिच्याकडे वळला.

"तुला ऐकू येत होता आवाज?"

नाही म्हणावं, असं तिला फार वाटलं. नाही म्हटलं असतं तर त्याचं मन राहिलं असतं.

"येत होता."

"कधीपासून?"

"महिना झाला."

त्याने मान हलवली. क्रॉस बाकावर ठेवला, पुन्हा उचलला.

"आणि बाकीचं?"

बाकीचं म्हणजे काय, ते विचारायची तिला गरज पडली नाही. "बाकीचंही ठाऊक होतं," ती म्हणाली.

मिस्त्री एकदम कामात गढून गेला. नवा क्रॉस बसवायला त्याने वाट्यांना ग्रीस लावलं, एकेक वाटी ठोकत आत घातली. तीन बसल्या. चौथी पूर्ण आत जाईना, त्यामुळे तिच्यावरचं लॉक खाचेत बसेना. त्याने हातोडा उचलला. नवरा बाजूला उभा राहून नुसता बघत होता. सांगायला आता आपल्याजवळ काही उरलं नाही, असा त्याचा चेहरा झाला होता, आणि तिला तो बघवेना.

"काका, जरा धरता का इकडून?" मिस्त्री म्हणाला.

नवऱ्याने सांधा हातात घेतला. एकदा फिरवला, मग डोळे मिटून अगदी सावकाश फिरवला.

"ठोकू नकोस," तो म्हणाला. "अडतोय. आत सुई आडवी पडलीय."

मिस्त्रीने वाटी परत काढली. तळाशी, ग्रीसमध्ये, एक सुई खरंच आडवी झाली होती. त्याने ती चिमट्याने उभी केली आणि वाटी पुन्हा घातली. दोन हलक्या ठोक्यांत लॉक बसलं. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा सांधा त्याने आपणहून नवऱ्याच्या हातात दिला, आणि नवऱ्याने तो बोटांवर फिरवून चांगला आहे म्हणेपर्यंत शाफ्ट गाडीखाली नेला नाही.

दुपारी गाडी जॅकवरून उतरली. मिस्त्रीने नवऱ्याला आवारात एक चक्कर मारायला लावली. बायको त्याच्याशेजारी बसली. गाडी लोण्यासारखी निघाली. खट् नाही, थरथर नाही. नवऱ्याने तिला काहीच विचारलं नाही. तळवा गिअरच्या दांड्यावर टेकवून तो चालवत होता, आणि त्याच्या हाताला जे कळत होतं त्यावर तो खूश दिसत होता.

फाटकाशी त्याने गाडी थांबवली. डावीकडचा रस्ता नर्सरीकडे जात होता. तो समोरच बघत होता.

"कानाचा डॉक्टर कुठे बसतो," तो म्हणाला, "ते तू कधीच शोधून ठेवलं असशील."

तिने बोलायला तोंड उघडलं. मग तसंच मिटलं, आणि त्याला दिसेल असा हात पुढे करून उजवीकडे दाखवलं.