तीनबोटी

"आधी दोन बोटं मिट, मग बोल!" महादेवप्पा म्हणाला, तर सारजाबाईनं मुद्दाम पाचही बोटं त्याच्या नाकासमोर नाचवली.

सुट्टीचा दिवस असूनही गिरणीच्या आवारात पन्नासेक माणसं जमली होती. भिंतीला ताजा चुना दिलेला, रंगारी डबा उघडून बसलेला. भांडण एवढंच, की भिंतीवर कोणती हातबोली रंगवायची. हसू नका. सातशे माग एकदम धडधडायला लागले की शेजारच्याची बोंबसुद्धा ऐकू येत नाही. त्यात कुणी कानडी बोलणारा, कुणी तेलुगू, कुणी मराठी. म्हणून गुरप्पा नावाच्या विणकरानं फार वर्षांपूर्वी हातांची एक बोलीच रचली. धागा तुटला, धोटा अडकला, माग थांबव, साहेब आला, अशा नव्वद खुणा. कुठं कागदावर लिहिलं नाही की काही नाही. पुढं मानमोडीच्या साथीत गुरप्पा गेला, त्याच्या जोडीचे विणकरही गेले. त्याला पाहिलेलं गिरणीत कुणी उरलं नाही. बोली तेवढी राहिली.

महादेवप्पाचा बाप त्या जुन्यांतलाच. गुरप्पाचा हात बघून बघून त्यानं खुणा उचलल्या आणि घरच्या ओट्यावर पोराला जशाच्या तशा शिकवल्या. खूण कुठलीही असो, अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, एवढ्यांनीच करायची. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहातात मिटलेली. करून बघा, घटकाभरात हाताला पेटके येतात! का मिटायची ते बापानं सांगितलं नाही आणि महादेवप्पानंही कधी विचारलं नाही. बाप गेल्यावर तो बापाचाच माग चालवू लागला. पंचवीस वर्षं बोटं मिटून बोलला आणि नव्या माणसाचं बोट उघडं दिसलं की त्यावर सुताची कांडी हाणत आला.

"गुरूची खूण हाय," तो म्हणायचा. "उगाच मिटली असतील व्हय त्यानं? काही तरी मोठं असणार त्यात."

सारजाबाईच्या कांडीखात्यातल्या बायांना असला सोस नव्हता. त्या पाचही बोटांनी मोकळ्या बोलायच्या. झालं! गिरणीत तीनबोटी आणि पाचबोटी असे दोन पंथ पडले, एकमेकांच्या खुणा ओळखेनात. गेल्या महिन्यात या घोळापायी एकाचा पंजा मागात जाता जाता वाचला. तेव्हा विणकाम खात्याचे नवे मास्तर चिडले. म्हणाले, "गिरणीत एकच ऑफिशियल बोली. जी गुरप्पाची ठरेल ती. आणि ती शिकवायला एक माणूस नेमतो."

महादेवप्पाला ही नेमणूक हवीच होती. त्याच्या डोळ्यांना आताशा धागा दिसत नव्हता. मागावरचे त्याचे दिवस भरले होते, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मास्तरांनाही. शिकवणारा झाला तर भाकरी टिकली, नाही तर घरी बसायचं. म्हणून तर तो सकाळीच भवानी पेठेत गेला आणि गुरप्पाच्या म्हाताऱ्या बायकोला, नागव्वाला, टांग्यात बसवून घेऊन आला.

"मामा, गुरप्पा आज असता तर त्यानंबी माझ्यावाणी सोपंच केलं असतं की," सारजाबाई म्हणाली.

"असता तर! न्हाई न्हवं? मग त्यानं केलं तेच खरं."

नागव्वाला सावलीत खुर्ची दिली. मास्तर वाकून म्हणाले, "आजी, ह्या दोघांचे हात बघा. गुरप्पा कसं करायचे?"

दोघांनी 'माग थांबव' करून दाखवलं. सारजाबाईच्या हाताकडे म्हातारीनं नुसतं पाहिलं. महादेवप्पाच्या हातावर मात्र तिची नजर खिळली आणि डोळे भरून आले.

"हाच. हुबेहूब त्याचाच हात," ती म्हणाली. "लई वर्सांनी दिसला बगा."

तीनबोट्यांनी एकच गिल्ला केला. सारजाबाईनं वाद सोडला. बाई सरळ मनाची. तिथंच उभ्या उभ्या आपली दोन बोटं मिटून बघायला लागली. "ठरलं," मास्तर म्हणाले. "तीनबोटी ऑफिशियल. रंगारी, कर सुरू. महादेवप्पा, उद्यापासून तुम्ही शिकवायचं."

महादेवप्पाला भरून आलं. भाकरी राहिली, बापाचा शब्दही राहिला. तो नागव्वाच्या पाया पडला. तिनं त्याचा हात धरला आणि मायेनं कुरवाळला.

"तुझीबी गेली का रं, लेकरा?"

"काय गेली, अव्वा?"

म्हातारीची बोटं त्याच्या तळहातात चाचपडली. तिनं करंगळी सोडवली, मग तिच्या शेजारचं बोट उघडलं, आणि ती चकित होऊन बघतच राहिली.

"आगं बया, हायत की तुला! त्याची दोन तर हितं यायच्या आधीच सरकी काढायच्या यंत्रानं खाल्ली हुती. तुमची धडधाकट हायत, मग तुमी कशाला रं मिटता?"