मोनोचं बटण

"मोनोचं बटण आहे का याला?" वडिलांनी विचारलं.

दुकानदाराने अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा एकदा उलटसुलट करून दाखवला. जेवणाच्या डब्याएवढा, काळा, पुढे एकच गोल बटण. मुलीने पर्समधून रुमालात गुंडाळलेला स्ट्रीमर काढून शेजारी ठेवला होता. तो तर साबणाच्या वडीएवढा. तिनेच घेतला होता वडिलांसाठी. आई जाऊन दोन महिने झाले होते आणि घरात काहीतरी वाजत असावं, असं तिचं म्हणणं होतं. फोनवर गाणं निवडायचं, स्ट्रीमर ते इंटरनेटवरून आणणार, अ‍ॅम्प्लिफायर त्यात जोर भरणार. स्पीकर घरचे जुनेच चालणार होते. जुना अ‍ॅम्प्लिफायर मात्र तिने घर आवरताना भंगारात दिला होता.

"काका, दोन स्पीकर आहेत तुमच्याकडे. मग मोनो कशाला?" दुकानदार म्हणाला.

"त्यांना सवय झालीये हो," मुलगी म्हणाली. "आमच्या जुन्या डब्याचं मोनोचं बटण आत अडकून बसलं होतं. एकोणतीस वर्षं. दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. दुरुस्त करून आणा म्हटलं की बाबांचं ठरलेलं, चाललंय ना, चालू दे."

बटण अडकलेलं नव्हतं.

दुकानदाराने त्यांना मागच्या खोलीत नेलं. समोर दोन स्पीकर, मधोमध एक खुर्ची. वडील भिंतीजवळच्या स्टुलाकडे निघाले, तर त्याने हाताला धरून खुर्चीत बसवलं. "इथे बसा. सगळी गंमत इथेच आहे."

वडिलांनी सांगितलेलं गाणं लागलं. हजार वेळा ऐकलेलं. गाणारी बाई नेमकी समोर उभी होती. पहिलं कडवं संपलं आणि डावीकडून बासरी आली, इतकी बाजूने की त्यांनी मान वळवून पाहिलं. तिथे स्पीकर होता. बासरी एवढी लांब बसली होती हे त्यांना कधी माहीत नव्हतं. छान वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. बासरी डावीकडे आहे, एवढं कळलं.

"कसा वाटला?"

"स्वच्छ आहे. मोनोचं बटण असलेला नाहीच का एखादा?"

दुकानदार मुलीकडे बघून हसला आणि खालच्या फळीवरून एक खोकं काढून घेऊन आला. आतला अ‍ॅम्प्लिफायर जरा जाडजूड होता. रिमोट नाही, ताकद बेताची. पण स्ट्रीमरची वायर लागेल अशी दोन भोकं मागे होती आणि पुढे, कोपऱ्यात, शेंगदाण्याएवढं एक बटण.

"हा आहे. पण खरं सांगू का काका? हे आता कुणी मागत नाही. एका कानाने ऐकू न येणारं माणूस असेल तर तेच मागतं. स्टिरिओत त्याचं एका बाजूचं गाणं हरवतं ना. मोनो केलं की सगळं एका कानातही पुरतं."

खोक्यातली वायर उलगडणारा मुलीचा हात थांबला.

लग्नानंतर आठव्या दिवशी बायकोने त्यांना सांगितलं होतं. डावा कान, लहानपणापासून. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती आणि तिथला हेडफोन एकाच कानाला असायचा, म्हणून नोकरीत निभावलं. ते घाबरून मोठमोठ्याने बोलायला लागले, तेव्हा ती म्हणाली होती, "ओरडू नका. एक चांगला आहे." मग म्हणाली, कुणाला सांगायचं नाही. एकदा कळलं की लोक आपल्याशी बोलत नाहीत, आपल्या कानाशी बोलतात. या कानाचं त्या कानाला कळता कामा नये, असं म्हणून स्वतःच हसत सुटली होती. पुढे मुलगी मोठी झाली, आई या कानाने ऐकते नि त्या कानाने सोडून देते म्हणून चिडवायला लागली. तरी दोघांनी ताकास तूर लागू दिली नाही.

"बाबा," मुलगी म्हणाली, "ऐकू येत नाही?"

वडील त्या बटणाकडे बघत होते. खरं सांगितलं तर रागावणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"डाव्या कानाने नाही येत," ते म्हणाले. "मला."

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

"आणि आईला माहीत होतं?"

"तिला माहीत होतं."

मुलीने ओठ दाबून धरले. "आणि मी तो डबा भंगारात दिला," ती म्हणाली. दुकानदाराने फडकं घेतलं आणि स्वच्छच असलेला अ‍ॅम्प्लिफायर पुसायला लागला.

"हाच द्या," वडील म्हणाले.

बाहेर फुटपाथवर मुलगी खोकं घेऊन त्यांच्या डावीकडून चालत होती. दहा पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं. ती थांबली, त्यांच्या मागून वळली आणि उजवीकडे आली. असं मागून वळून येणं त्यांच्या पायांना पाठ होतं. सगळा संसार त्यांनी तसाच केला होता, बायकोच्या उजव्या हाताला.

मुलीने तोंड त्यांच्या कानाजवळ आणलं.

"बाबा. पुढे. पायरी. आहे." एकेक शब्द सुटा, मोठ्याने. समोरून येणारी दोन माणसं वळून बघायला लागली.

वडील पायरी उतरले.

"ओरडू नको," ते म्हणाले. "एक चांगला आहे."