मका जातो कुठे

"बादली खाली ठेव," सरलाबाई म्हणाल्या आणि गल्लीच्या तोंडाशी सुनेची वाट अडवून उभ्या राहिल्या.

हर्षदा थबकली. बादलीवर ओला टॉवेल होता. टॉवेलाखाली काय आहे हे सरलाबाईंना न बघताच ठाऊक होतं. मका! त्यांच्या दोन म्हशींच्या तोंडचा मका, आणि तो चालला होता सुनेच्या माहेरी, बमरोलीला.

सरलाबाई मुळातच संशयी. देवळात गेल्या तरी त्यांचं लक्ष देवाकडे कमी आणि बाहेर काढलेल्या चपलांकडे जास्त. पूर्वी त्या म्हशींचा मका घंटीवर, म्हणजे पिठाच्या गिरणीवर, नेऊन भरडून आणत. मग त्यांच्या मनाने घेतलं, की घंटीवाला प्रत्येक खेपेला त्यातला मूठभर मका मारतो. पुरावा काही नव्हता. पण त्यांनी घंटीवर जाणं बंद केलं आणि म्हशींना मका आख्खाच घालायला सुरुवात केली. म्हशींना दात दिलेत ना देवाने, मग चावतील की!

पुढे दूध उतरलं. दूध उतरलं तसा त्यांनी मका वाढवला, मका वाढवला तसं पोतं उतरलं आणि पोतं उतरलं तसा संशय चढला. तो आता सुनेवर.

कालच त्यांनी गोठ्याच्या पत्र्याआडून हर्षदाला फोनवर बोलताना ऐकलं होतं. पोरगी सुरतेतच जन्मलेली, गुजराती तिच्या जिभेवर खेळायची. "आपनी मकाई तो छानमां जाय छे, प्रवीणभाई," ती म्हणत होती. "पन मम्मीने ना केता."

सरलाबाई गुजराती शिकल्या त्या शेजारणींच्या ओट्यावर. ओट्यावर निम्म्या गोष्टी 'छानुंमानुं', म्हणजे गुपचूपच, चालतात. त्यामुळे 'छानमां'चा अर्थ त्यांना कुणी सांगायला नको होता. आपला मका गुपचूप जातो, आणि वर सासूला सांगू नका! हा प्रवीण कोण? असेल बमरोलीचा कुणी भाऊबंद. रात्रभर त्यांचा जीव जळत राहिला.

आज त्यांनी जय्यत तयारी केली होती. समोरच्या उज्ज्वलाला सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ती हातातल्या झाडूसकट बाहेर आली होती आणि तिच्यामागे अर्धी गल्ली. रातपाळी करून कापडाच्या लूमवरून आलेला त्यांचा मुलगा धर्मेंद्र एका रिक्षापाशी मान खाली घालून उभा होता. रिक्षा त्याला आईनेच थांबवायला लावली होती. "चोर निघनी तर आज बमरोलीले धाडी दे. परत आनानी नही," असं त्यांनी त्याला बजावलं होतं.

"मम्मी, घरात चला ना," हर्षदा हळूच म्हणाली. "घरात दाखवते."

"घरमा कसाले? काल फोनवर 'छानमां जाय छे' म्हने ना तू? आठेच दखाड, बठ्ठासना समोर!"

हर्षदाने टॉवेल घट्ट धरला. सरलाबाईंनी तो हिसकून काढला. आत मका होता. पिवळा, ओला, फुगलेला, दाणा न् दाणा आख्खा.

"देखा, मी काय म्हने!" उज्ज्वला ओरडली. बायका कुजबुजू लागल्या.

"हर्षदा, काही तरी बोल," धर्मेंद्र म्हणाला.

सरलाबाईंनी ओंजळभर मका उचलला. मग त्यांच्या नाकाला काही तरी जाणवलं. त्यांनी ओंजळ तोंडाजवळ नेली. ज्या वासात त्यांची पहाट व्हायची तोच हा वास होता.

हर्षदा त्यांच्या कानाशी वाकली. "छान नही, मम्मी. छाण. छाण म्हणजे शेण."

उभा जन्म सरलाबाईंनी पाणीला पानी आणि लोणीला लोनी म्हटलेलं. 'ण' त्यांच्या जिभेवर नव्हता, तसा कानातही नव्हता. आणि छाण हा शब्द त्यांच्या कानावर पडणार तरी कुठून? गोठ्यात त्या आणि म्हशी अहिराणीच बोलायच्या.

"म्हशी दाणा चावतच नाहीत," हर्षदा हलक्या आवाजात सांगत होती. "गिळतात, आणि तसाच शेणातून बाहेर पडतो. शेण मीच उचलते ना, म्हणून दिसला. मी धुऊन काढला. प्रवीणभाई म्हणजे डेअरीचे डॉक्टर. किती निघतो ते आणून दाखव म्हणाले. मका भरडूनच घालायचा, पण पिठासारखा बारीक नाही, नाही तर पोट आंबतं."

"मंग माले सांगू नका असं कसाले म्हने?" सरलाबाईंनीही आता हळूच विचारलं.

हर्षदाने गल्लीकडे एक नजर टाकली. "सगळे तुम्हाला हसले असते ना, मम्मी."

सरलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला चोर ठरवायला त्यांनी गल्ली गोळा केली होती, ती याच गल्लीपासून त्यांची लाज झाकत होती. आत्ताही झाकत होती.

"बसाड ना तिले रिक्षामा," मागून उज्ज्वला म्हणाली. "आते काय देखनं?"

रिक्षावाल्याने इंजिन सुरू केलं. सरलाबाईंनी आता फक्त गप्प राहायचं होतं. रिक्षा निघून गेली असती आणि त्यांना कुणीही हसलं नसतं.

"उज्ज्वला, आठे ये. वास ली देख," त्या मोठ्याने म्हणाल्या. "हाऊ मका मन्या म्हशीसना शेनमाधला शे. आख्खा मीच दिधा त्यासले. मनी सून चोर नही शे!"

सरलाबाईंनी तो शेणाचा मका सगळ्यांच्या नाकासमोर उंच धरला आणि सगळी गल्ली खदखदून हसेपर्यंत हात खाली घेतला नाही.