बटणांचा डबा

"हे वाक्य खोडा."

काकांचं लाल पेन नेमकं ताईंच्या लाडक्या वाक्यावर टेकलं. 'चौदापैकी अकरा मुलं आता वर्गात उभी राहून धडा वाचतात.'

"अहो, पण खरंय ते!" ताई म्हणाल्या.

"खरंय म्हणूनच खोडा. बऱ्या झालेल्याला औषध कोण देतं?"

संस्थांसाठी मदतीचे प्रस्ताव लिहून लिहून काकांचा हात मुरलेला होता. त्यांनी खोडलेल्या जागी लिहिलं, 'इथल्या मुलांचे शब्द ओठांतच मरतात.' ताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. काका खूश.

"बघा! तुमच्या अंगावर आला, तर देणाऱ्यांच्या का नाही येणार?"

शिंप्याच्या दुकानामागची ती एकच खोली. बोलताना अडखळणारी मुलं शाळा सुटली की तिथे ताईंकडे शिकायला यायची. चार बाकं, एक उभा आरसा आणि एक पत्र्याचा डबा. आरशासमोर उभं राहायचं, श्वास घ्यायचा, बोलायचं. वाक्य न अडखळता अख्खं बाहेर पडलं, की ताई डब्यात एक बटण टाकायच्या. टण! त्या एका टणसाठी पोरं जीव टाकायची. बटणं शिंपीमामा फुकट द्यायचे. खोली फुकट देणं मात्र त्यांनाही जड जात होतं. मदत मिळाली नाही तर वर्गाला कुलूप, हे सगळ्यांना माहीत होतं.

प्रस्ताव एका देणगीदार ट्रस्टला आवडला. एक बाई पाहणीला येणार, असा निरोप आला आणि काकांना वेगळाच घाम फुटला.

"कागदावर लिहिलंय ते दिसायला नको? ही अकरा पोरं तर पोपटासारखी बोलतात! उरलेली तिघं पाहुणे दिसले की पळतात!"

"मी आहे ना!" बाकावरून रेडिओ ओरडली.

सगळे जिला रेडिओ म्हणायचे ती पोरगी नववीत होती. चार वर्षांपूर्वी स्वतःचं नाव सांगताना तिचा जबडा लॉक व्हायचा. यंदा तिने वक्तृत्वात पहिलं बक्षीस मारलं होतं. "आधी बोलत नव्हती म्हणून रडले, आता गप्प बसत नाही म्हणून रडते," असं तिची आई गल्लीभर सांगत फिरायची.

"मला सगळं आठवतंय, काका. डोळे कसे मिटायचे, पाय कसा आपटायचा. असं अडखळेन ना, की बाई रडतच बाहेर पडतील!"

काकांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी फडकं घेतलं आणि लख्ख असलेला आरसा पुन्हा पुसायला घेतला.

बाई आल्या. साध्या, हळू बोलणाऱ्या. रेडिओ आरशासमोर उभी राहिली आणि तिने कमाल केली. नावाचं पहिलंच अक्षर दाताखाली अडकवलं. मान ताणली. डोळे घट्ट मिटले. पाय तीनदा आपटला. नाव काही बाहेर आलं नाही. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दाराआडून काकांनी अंगठा दाखवला. डबा गप्प होता.

"राहू दे, बाळा," बाई म्हणाल्या. "एवढंच सांग, किती वर्षं येतेस इथे?"

याची तालीम झाली नव्हती. पण ताईंच्या वर्गात खोटं बोलायचं नाही, हे तिच्या अंगात भिनलेलं.

"च... च... चार."

बाईंनी डायरीत काहीतरी टिपलं. त्या गेल्यावर पोरांनी रेडिओला खांद्यावर घेतलं.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. ताईंनी ते फोडलं, तसे काका म्हणाले, "रेडिओ, तूच वाच गं. तुझ्याच पायगुणाने आलंय."

ती आरशासमोर ताठ उभी राहिली. श्वास घेतला. वाचायला लागली.

"आपला प्रस्ताव वाचून आम्ही हेलावून गेलो."

ताईंचा हात सवयीने डब्याकडे गेला. टण.

"मात्र चार वर्षं नियमित येणारी मुलगी स्वतःचं नावही सांगू शकत नाही, हे आमच्या प्रतिनिधींनी समक्ष पाहिलं."

टण.

"जो वर्ग मुलांना बोलतं करू शकत नाही, त्याला मदत देणं आम्हाला योग्य वाटत नाही."

काका खाली बसले. कुणीतरी "पुरे गं" म्हणालं. पण ताईंच्या वर्गात अर्ध्यावर थांबायची पद्धत नव्हती. रेडिओने पत्र शेवटपर्यंत वाचलं, खणखणीत आवाजात, अगदी खालच्या 'शुभेच्छा आहेत'पर्यंत.

पत्र सात वाक्यांचं होतं. डब्यात सात बटणं पडली.