सहा रेघांचा कौल

"हे चौथं भाषांतर," पुस्तकवाले काका म्हणाले. "ग्रंथ तोच, रेघा त्याच. पाचवं कशाला हवंय तुला, लोणचं घालायला?"

कवळीवाली हसली नाही. ती दातांच्या कवळ्या करायची. गावातल्या निम्म्या तोंडांत तिच्या हातचे दात होते, काकांच्याही. एरवी या थट्टेला तिने सव्याज उत्तर दिलं असतं. आज मात्र ती सकाळपासून झोपेत चालल्यासारखी वावरत होती. पहाटे तिने कौल लावायला जुन्या चिनी रीतीने तीन नाणी सहा वेळा टाकली होती. दर वेळी एक रेघ, खालून वर; मग त्या रेघांचा अर्थ ग्रंथात शोधायचा. काही सलग, काही मधोमध तुटलेल्या. त्या सहा रेघा अजून डोळ्यांपुढे तरंगत होत्या. दुकानातल्या शिडीवर त्याच दिसायच्या, खिडकीच्या गजांतही त्याच. नीट बघायला जावं तर विरून जायच्या.

"प्रश्न काय विचारलास?"

"धाकटीकडे जाऊ का."

काका खुर्चीत सावरून बसले. दोघी बहिणींचा अबोला सगळ्या गल्लीला ठाऊक होता. आईच्या शेवटच्या आजारात धाकटी फिरकली नव्हती, तेव्हापासूनचा तो. आणि काल तिचा शहरातून फोन आला होता. 'ताई, परवा माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. येशील?' कवळीवालीने हो की नाही काहीच न सांगता फोन ठेवून दिला होता.

"मग पुस्तकं काय म्हणतात?"

"पहिलं म्हणतं, जा. दुसऱ्यात टिपाच टिपा, पण शेवटी जाच. तिसरं कवितेत आहे. धुकं काय, बगळे काय, आणि तळाशी पुन्हा जा. हा चौथा तर म्हणतो, आनंदाने जा. आनंदाने! याच्या बापाचं काय जातंय?"

"चौघं एकच सांगतायत की मग."

"काका, कवळी टोचली तर तुम्ही माझ्याकडे येता ना? मी घासते. बसेपर्यंत घासते. कुठेतरी एखादा असेलच की, ज्याने हे नीट वाचलंय."

काका उठले. मागच्या फडताळातून त्यांनी निळ्या कापडी बांधणीचं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि तिच्यापुढे उघडलं. "हे भाषांतर नव्हे. हा मूळ ग्रंथ."

दुपार कलली होती. पंखा गरगरत होता, पण त्याचा आवाज कुठून तरी लांबून येत होता. पानभर काळी चिनी अक्षरं उभ्या ओळींनी खाली उतरत होती, अगदी सावकाश, पावलं न वाजवता. काकांचं बोट त्यांच्यामागून उतरत गेलं.

"हं. इथे अगदी स्वच्छ लिहिलंय. जाऊ नकोस. दार लावून घे. तुटलं ते तुटलं."

हेच तर हवं होतं तिला. पण इस्पितळातल्या ढकलगाडीवर आडवी झालेली धाकटी तिला दिसली, दाराकडे मान वळवून पडलेली.

"पुन्हा वाचा."

"वाचलं की. जाऊ नकोस."

"असं कसं लिहील? काहीतरीच!" तिचा आवाज चढला. "एकटी आहे ती तिथे. महाभित्री आहे. नुसती सुई बघितली तरी पळायची, मी मिठी मारून धरून ठेवायचे तिला. आत नेताना कुणाचा हात धरेल ती? हे लिहिणाऱ्या मेल्या म्हाताऱ्याला काय ठाऊक माझी बहीण कशी आहे ते!"

डोळे पुसत तिने पर्स उचलली. चारही पुस्तकं टेबलावर तशीच राहिली. दाराशी पोचल्यावर ती थबकली.

"काका, तुम्ही चिनी कधी शिकलात?"

"मी? छे गं." काकांनी पुस्तक मिटलं. "पळ आता, गाडी चुकेल."

रस्त्यात चालता चालताच तिने फोन लावला. पलीकडून नुसतं "ताई?" एवढंच आलं. ठरवून ठेवलेलं सगळं भांडण तिला एकदम आठवलं, आणि त्यातलं एक अक्षरही तोंडातून फुटलं नाही.

"भिऊ नकोस," ती म्हणाली. "निघालेय मी."