यादी शून्यावर

मानवी मनाच्या सेवेत असलेल्या या मानसशास्त्र संस्थेचा झेंडा एकतीस देशांत फडकत होता. निदान स्वागतकक्षातल्या नकाशावर तेवढ्या टाचण्या होत्या. त्यातली एक भर समुद्रात टोचली गेली होती, पण पाहुणे एवढं जवळून बघत नाहीत.

उद्या परदेशी तपासणी मंडळ येणार होतं. म्हणून आज पाचच्या आत समुपदेशन केंद्राची प्रतीक्षायादी शून्यावर आणायचं काम नोंदणी खिडकीवरच्या बाईंच्या गळ्यात पडलं. युक्ती सोपी होती. फोन करून भेटीची तारीख दिली, की माणूस यादीबाहेर. मग तारीख कधीची का असेना.

"किती उरले, बाई?" संचालकांनी दारातून डोकं आत घातलं.

"एकच, सर. आपलीच विद्यार्थिनी. दुसऱ्या वर्षाची."

"आपलीच ना? मग ती कुठे पळून जाते!"

ती पोरगी दोनदा खिडकीशी आली होती. "ताई, जरा लवकरची तारीख नाही का मिळणार?" बाईंनी हसून सांगितलं होतं, "अगं, तू घरचीच. आधी बाहेरच्यांना वाढू दे."

फोन तिच्या वडिलांनी उचलला.

"तिला जाऊन आज नऊ दिवस झाले," ते म्हणाले. "तिनं स्वतःच..." मग त्यांनीच विचारलं, "काय काम होतं?"

"तारीख द्यायची होती."

"कधीची?"

"पुढच्या महिन्यातली. अठरा."



"मग ती दुसऱ्या कुणाला तरी द्या. वाया नको जायला."

बाईंनी फोन ठेवला. पडद्यावर तीन पर्याय होते: तारीख दिली, संपर्क झाला नाही, गरज उरली नाही. त्यांनी तिन्ही सोडून शेऱ्याच्या चौकटीत दोन शब्द लिहिले: उशीर झाला. पर्याय निवडल्याशिवाय नोंद पुढे सरकेना.

"आटपा हो बाई, पाच वाजले!"

बाईंनी ते दोन शब्द पुसले आणि तिसऱ्या पर्यायावर बोट दाबलं. यादी शून्यावर आली.

"बघा, मनात आणलं की होतं!" संचालक खूश झाले आणि नकाशाची काच पुसून घ्यायला निघून गेले.

तिसऱ्या पर्यायातली नावं वार्षिक अहवालात 'पूर्ण बरे झालेले' या खान्यात मोजतात.